काळा दगड खोल गेला तर

परभणी जिल्ह्यातील शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही खडकांविषयी बोलत होतो. फळ्यावर नेहमीचा तक्ता काढला होता. चुनखडीचा संगमरवर होतो, वाळूच्या खडकाचा क्वार्टझाइट, शेलचा पाटीचा दगड आणि ग्रॅनाइटचा नीस. मागच्या रांगेतून जिंतूर तालुक्यातले एक गुरुजी उठले आणि म्हणाले, "सर, हे चारही दगड आमच्या मुलांनी कधी पाहिलेले नाहीत. त्यांनी पाहिलाय तो एकच, काळा दगड. त्याचं पुढे काय होतं ते सांगा ना."

तक्रार रास्त होती. परभणी, जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड, कुठेही विहीर खणा. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग कातळ. चारठाण्याची जुनी देवळे याच दगडाची आणि घरातले जाते, पाटा-वरवंटाही याचेच. भूविज्ञानात याला बेसाल्ट म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून वर आलेल्या शिलारसाचे थरावर थर पसरले आणि थिजले, तोच हा दख्खन ट्रॅप. तेव्हापासून तो उन्हापावसात कुजतो आहे आणि त्याची काळी माती होते आहे. पण माती होणे म्हणजे रूपांतरित खडक होणे नव्हे. रूपांतरासाठी दगडाला खाली जावे लागते, तापावे लागते, दाबाखाली यावे लागते.

आपला काळा दगड किती दाबाखाली आहे? १९९३ च्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यात किल्लारीला एक खोल वेधछिद्र घेण्यात आले. ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला, त्याखाली थोडा गाळाचा खडक लागला आणि मग फार प्राचीन स्फटिकी खडक सुरू झाला. म्हणजे तिथल्या बेसाल्टच्या सर्वात खालच्या थरावर ३३८ मीटर दगडाचे ओझे आहे. बेसाल्टची घनता २.९ धरून हिशेब करा. दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे ९८ किलोग्रॅम वजन येते. शंभर वातावरणदाबही भरत नाहीत. कोयना परिसरात बेसाल्टची जाडी ९०० मीटरांवर जाते, तरी आकडा तीनशेच्या आतच राहतो. एवढ्या दाबाला हा दगड दाद देत नाही.

मग त्याचे रूप बदलायला किती खोल जावे लागेल? सोपा आडाखा असा की दर साडेतीन किलोमीटर खोलीला दाब साधारण एक हजार वातावरणांनी वाढतो. पंधरा हजार वातावरणांसाठी पन्नासएक किलोमीटर जायला हवे. तिथे पोचलेला बेसाल्ट ओळखू येणार नाही. काळेपणा गेलेला असतो. गवती हिरव्या दगडात डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल स्फटिक जडवलेले दिसतात. हिरवे खनिज म्हणजे ऑम्फॅसाइट नावाचे पायरोक्सीन आणि लाल म्हणजे तामडा, ज्याला जवाहिरे गार्नेट म्हणतात. या खडकाचे नाव एक्लोजाइट. फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ रने-झ्यूस्त आयुई यांनी १८२२ मध्ये ते ठेवले. 'निवड' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले आहे, कारण या दगडातली खनिजे नेहमीच्या खडकांतली नव्हती, कुणी वेचून एकत्र आणावीत तशी होती.

रासायनिक पृथक्करण केले तर मात्र धक्का बसतो. सिलिका, ॲल्युमिना, लोह, मॅग्नेशियम, चुना, सोडा, सगळे बेसाल्टच्याच प्रमाणात. घटक तेच, खनिजे वेगळी आणि वजन जास्त. बेसाल्टची घनता २.९ ते ३.०, एक्लोजाइटची ३.४ ते ३.५. एवढा फरक का पडतो, हे विचारणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी एकाचे बरेचसे आयुष्य आपल्याच भागात, नागपूर, भंडारा, छिंदवाड्याच्या रानात गेले. आमच्या पाठ्यपुस्तकांतून त्याचे नाव जवळपास गळून गेले आहे. म्हणून त्याची हकीकत थोडी सविस्तर सांगतो.

लुईस ली फर्मोर (जन्म १८८०) हे १९०२ मध्ये कलकत्त्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले. त्यांच्याकडे काम आले मँगनीजचे. रामटेकजवळचे मनसर, कांद्री आणि पलीकडे बालाघाट, छिंदवाडा या पट्ट्यातल्या खाणी त्यांनी पायाखाली घातल्या आणि १९०९ मध्ये भारतातील मँगनीज खनिजांवर हजारावर पानांचा ग्रंथ सिद्ध केला. त्या खाणींत एक विशेष खडक सापडतो, मँगनीजचा तामडा आणि गार यांचा बनलेला. फर्मोर यांनी त्याला तिथल्या गोंड लोकांवरून 'गोंडाइट' नाव दिले. ते आजही जगभर चालते. सांगायचा मुद्दा असा की या माणसाने उमेदीची वर्षे तामड्याच्या सहवासात काढली. डोळ्यांसमोर सतत एकच खनिज असले की माणूस त्याच्याविषयी असे प्रश्न विचारू लागतो, जे इतरांना सुचत नाहीत.

फर्मोर यांचा प्रश्न असा होता: काही खडकांत तामडा आहे आणि त्याच रासायनिक घडणीच्या दुसऱ्या खडकांत तो नाही, असे का? त्यांच्या लक्षात आले की तेच घटक तामड्याच्या रूपात कमी जागेत मावतात. जागा कमी लागणारे रूप दाबाखाली अधिक टिकाऊ असणार. तर मग तामडा हा खडकातला दाबमापकच झाला! १९१३ मध्ये सर्वेक्षणाच्या नियतकालिकात त्यांनी या आशयाचे टिपण प्रसिद्ध केले, आणि तिथेच न थांबता पुढची उडी मारली. आपल्याला माहीत असलेल्या खोल खडकांच्याही खाली, पृथ्वीभोवती सर्वत्र, तामडायुक्त जड खडकाचे म्हणजे मुख्यतः एक्लोजाइटचे एक कवच असले पाहिजे, असे त्यांनी मांडले. १९१४ मध्ये एका ब्रिटिश भूविज्ञान मासिकात त्यांनी हे कवच, भूकवचाचा समतोल, भूकंप आणि ज्वालामुखी या सर्वांचा संबंध जोडला. वरचा दाब कुठे कमी झाला तर हे दाट एक्लोजाइट सैल होईल, फुगेल, वितळेल आणि बेसाल्टचा शिलारस होऊन वर येईल, अशी ती कल्पना. म्हणजे आपल्या काळ्या दगडाचे माहेरच त्यांनी एक्लोजाइटमध्ये शोधले होते.

हे लिहिणारा माणूस बेसाल्टला परका नव्हता. छिंदवाड्यातल्या लिंगा भागातले लाव्हाथर फर्मोर आणि त्यांचे सहकारी फॉक्स यांनी एकेक करून नकाशावर उतरवले. पुढे भुसावळला कोळशाच्या शोधात एक खोल वेधछिद्र घेतले गेले. कोळसा हाती लागला नाही. लागले ते बाराशेहून अधिक फुटांत एकाखाली एक असे २९ लाव्हाथर. त्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली केलेला अभ्यास फर्मोर यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केला. त्या दगडांत अर्थातच तामडा नव्हता. फेल्स्पार आणि पायरोक्सीन ही बेसाल्टची नेहमीची जोडी होती. भुसावळची खोली ती केवढी!

आता फेल्स्पारचे काय होते ते पाहू, कारण सगळी किमया तिथेच आहे. बेसाल्टच्या फेल्स्पारमध्ये आल्बाइट हा एक घटक असतो: सोडियम, ॲल्युमिनियम, तीन सिलिकॉन आणि आठ ऑक्सिजन. पुरेशा दाबाखाली त्याची फोड होऊन जेडाइट आणि गार अशी दोन खनिजे बनतात. एक ग्रॅमरेणू आल्बाइट म्हणजे २६२ ग्रॅम, त्याला सुमारे १०० घनसेंटिमीटर जागा लागते. त्यातून निघालेल्या जेडाइटला ६०.४ आणि गारेला २२.७, एकूण सुमारे ८३. अणू एकही हरवला नाही आणि जागा सतरा टक्क्यांनी कमी झाली. आल्बाइटमध्ये ॲल्युमिनियमच्या अणूभोवती चार ऑक्सिजन असतात, जेडाइटमध्ये सहा. एस.टी.त तीनच्या बाकावर चार जण सरकून बसतात, तसाच प्रकार. हे जेडाइट मग पायरोक्सीनमध्ये मिसळून त्याचे ऑम्फॅसाइट होते. फेल्स्पारमधला चुना आणि उरलेले ॲल्युमिनियम लोह-मॅग्नेशियमच्या साथीने तामड्यात जातात. दगडात फेल्स्पार उरतच नाही. एक्लोजाइटची ही सर्वात पक्की खूण आहे. नुसता तामडा दिसला म्हणून भागत नाही.

आणि इथेच फर्मोर यांच्या दाबमापकात खोट होती. तामडा हे एकच खनिज नाही, ते खनिजांचे कुटुंब आहे. त्यातला मॅग्नेशियमने समृद्ध असलेला भाऊ खरोखरच खोलीचा साक्षीदार आहे. मँगनीजचा किंवा चुन्याचा तामडा मात्र तुलनेने उथळ जागीही, बेताच्या दाबातही तयार होतो. ज्या गोंडाइटने फर्मोर यांना तामड्याचा नाद लावला, त्यातला तामडा नेमका या दुसऱ्या जातीचा. चुकीच्या साक्षीदाराने बरोबर दिशा दाखवली, असेच म्हणायला हवे.

दिशा बरोबर होती हे पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या वाटेनेही दिसू लागले. फिनलंडचे पेंटी एस्कोला यांनी खडकांचे रूपांतर ताप आणि दाब यांच्या टप्प्यांत वाटून दाखवले आणि १९२१ मध्ये नॉर्वेतल्या एक्लोजाइटवर मोठा निबंध लिहिला. सर्वाधिक दाबाच्या टप्प्याला त्यांनी एक्लोजाइटचेच नाव दिले. बेसाल्टच्या रूपांतरित खडकाला एकच नाव का नाही, याचे उत्तरही त्यांच्या पद्धतीत मिळते. ते वाटेवर अवलंबून आहे. दगड तापत तापत हळूहळू खाली गेला तर तो आधी हरितशिस्ट, मग अँफिबोलाइट, मग ग्रॅन्युलाइट होतो. थंड असतानाच झपाट्याने खोल गेला तर ग्लॉकोफेन या निळसर खनिजामुळे त्याचा नीलशिस्ट होतो आणि आणखी खाली एक्लोजाइट. एरवी भूखंडात दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी तापमान वाढते. नीलशिस्टच्या वाटेवर ते दहा अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी वाढलेले असते. गुरुजींच्या तक्त्यात बेसाल्टसमोर एक नाव लिहून भागणार नाही, ते यामुळे.

मग ते जगभर पसरलेले एक्लोजाइटचे कवच? १९०९ मध्ये मोहोरोविचिच यांनी भूकंपलहरींवरून दाखवले होते की काही खोलीवर लहरींचा वेग एकदम वाढतो. तिथे भूकवच संपते आणि प्रावरण सुरू होते. या सीमेखाली एक्लोजाइट असेल का, हा वाद पुढे पन्नास वर्षे चालला. लहरींचा वेग एक्लोजाइटमध्ये आणि पेरिडोटाइट नावाच्या दुसऱ्या जड खडकात जवळपास सारखाच, सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे लहरी निकाल देईनात. निकाल दिला तो तीन गोष्टींनी. पहिली अगदी साधी आहे. महासागराखाली ही सीमा तळापासून अवघ्या सहा-सात किलोमीटरवर असते. चार किलोमीटर पाणी आणि सात किलोमीटर दगड यांचा दाब अडीच हजार वातावरणांच्या आतच राहतो. एवढ्यावर बेसाल्टचे एक्लोजाइट होणे शक्य नाही. दुसरी, ऑस्ट्रेलियात रिंगवुड आणि ग्रीन यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग. दाबयंत्रात त्यांनी बेसाल्टी घडणीचे नमुने ठेवून पाहिले, तेव्हा हा बदल एका फटक्यात होत नाही, दाबाच्या रुंद पट्ट्यात थोडाथोडा होतो, असे दिसले. भूकंपलहरींनी दाखवलेली सीमा मात्र बरीच स्पष्ट आहे. तिसरी, खोलवरून किंबर्लाइटबरोबर वर आलेले दगडाचे तुकडे. त्यांत पेरिडोटाइट बहुसंख्य आणि एक्लोजाइट थोडे. आंध्रात अनंतपूरकडच्या किंबर्लाइटांत असे एक्लोजाइटचे तुकडे मिळालेले आहेत. तेव्हा प्रावरण मुख्यतः पेरिडोटाइटचे आहे आणि त्याच्या अंशतः वितळण्यातून बेसाल्ट निघतो, हे मत स्थिरावले. फर्मोर यांचे कवच पुस्तकांतून गेले.

फर्मोर १९३२ ते १९३५ या काळात सर्वेक्षणाचे संचालक होते. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय विज्ञान संस्थेचे, म्हणजे आजच्या भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे, ते पहिले अध्यक्ष. १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या खडकाला मिळालेली दुसरी भूमिका पाहायला ते राहिले नाहीत. साठच्या दशकात भूपट्टांचा सिद्धांत आला. महासागराचा तळ बेसाल्टचा असतो. तो दुसऱ्या भूपट्टाखाली घुसला की खोलवर त्याचे एक्लोजाइट होते आणि भोवतीच्या प्रावरणापेक्षा (घनता सुमारे ३.३) तो जड होतो. जड झालेला भाग बुडतो आणि मागच्या भूपट्टाला खाली ओढतो. भूपट्ट हलते ठेवणाऱ्या बलांत या ओढीचा वाटा सर्वात मोठा मानला जातो. दाबाने दाट होणारा बेसाल्ट हलवतो खरा, पण फर्मोर यांनी सांगितल्यापेक्षा वेगळ्या तऱ्हेने.

आमच्या मते त्यांच्या बाबतीत इतिहासाने थोडा अन्यायच केला. कवच चुकले म्हणून बाण विसरला गेला. 'बेसाल्टकडून एक्लोजाइटकडे, दाबाच्या दिशेने, आकारमान घटवत' हा बाण त्यांनी १९१३ मध्ये काढला, तेव्हा तो तपासण्याची यंत्रेही नव्हती.

यंत्रे आली ती अनपेक्षित ठिकाणाहून. अमेरिकेत धार लावायची चाके बनवणाऱ्या नॉर्टन कंपनीत लोरिंग कोझ नावाचे रसायनशास्त्रज्ञ कडक पदार्थांच्या शोधात होते. १९५३ मध्ये त्यांनी प्रचंड दाबाखाली गारेचेच एक नवे दाट रूप तयार केले. गारेची घनता २.६५, याची २.९२. त्याला पुढे कोएसाइट नाव पडले. निसर्गात ते प्रथम १९६० मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या अशनी-विवरात सापडले. लोणारला सहल नेणाऱ्या शिक्षकांनी हे लक्षात ठेवावे. लोणारचे विवरही बेसाल्टमध्ये अशनी आदळून झालेले आहे. आघातात फेल्स्पारची जी विशिष्ट काच होते ती तिथे सापडली आणि १९७३ मध्ये हा पुरावा प्रसिद्ध झाला. तिथला दाब एक्लोजाइटला लागणाऱ्या दाबाच्या अनेक पट होता. पण तो निमिषमात्र टिकला, आणि नवे स्फटिक वाढायला लागतो वेळ. म्हणून लोणारला काच मिळते, एक्लोजाइट मिळत नाही.

१९८४ मध्ये आल्प्समध्ये शोपँ यांना आणि नॉर्वेत स्मिथ यांना अशनीशी काहीही संबंध नसलेल्या रूपांतरित खडकांत कोएसाइट सापडले. अर्थ असा की हे खडक नव्वद-शंभर किलोमीटर खोल जाऊन परत आले होते. तोपर्यंत भूखंडाचे खडक हलके, ते एवढे खोल जाणारच नाहीत, असे सगळे धरून चालले होते.

भारताची पाळी २००१ मध्ये आली. लडाखमध्ये रुपशू भागात, त्सो मोरीरी सरोवराच्या परिसरात, नीस खडकात एक्लोजाइटचे छोटे छोटे भिंगासारखे तुकडे अडकलेले आहेत. देहरादूनच्या वाडिया संस्थेतील मुखर्जी आणि सचान यांना त्यातल्या तामड्याच्या आत कोएसाइटचे कण सापडले. हे एक्लोजाइट मूळचे बेसाल्टच. आपल्या दख्खनचे नव्हे; काश्मीरच्या पंजाल ट्रॅपशी, म्हणजे सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाशी, त्याचे नाते असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण ते भारतीय भूखंडाच्या उत्तर काठावरचे, आपल्याच भूपट्टाचे. भारत आशियाला भिडला, तो काठ खाली घुसला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी सत्तावीस हजार किंवा त्याहून अधिक वातावरणांच्या दाबाखाली गेला. एकटा असता तर तो बेसाल्ट बुडूनच गेला असता, कारण एक्लोजाइट जड. पण त्याच्याभोवती हलक्या नीसचे भरपूर वेष्टन होते. त्या हलक्या खडकाने उसळी घेतली आणि जड दगडांना पोटात घेऊन तो वर आला.

वर येताना दाब उतरत जातो, तेव्हा कोएसाइटची परत गार व्हायला हवी होती. तामड्याने ते होऊ दिले नाही. प्रेशर कुकरचे झाकण घट्ट असावे तसा तो स्फटिक आतला दाब धरून राहिला. जिथे कोएसाइटची गार झालीच, तिथे ती फुगली आणि भोवतीच्या तामड्याला ताऱ्यासारख्या भेगा पडल्या. सूक्ष्मदर्शकात संशोधक आधी या भेगा शोधतात, कोएसाइट नंतर. एक्लोजाइटच्या कडांना बहुधा पाणी शिरून काळपट अँफिबोलची साल धरलेली असते. म्हणजे लडाखमधल्या त्या दगडालाही बाहेरून थोडा काळा रंग परत आलेला आहे.

पाण्याचा उल्लेख आला तेव्हा एक गोष्ट सांगून टाकतो. दाब पुरेसा असला तरी दगड पूर्ण कोरडा असेल तर तो बदलायला नाखूश असतो. नॉर्वेत बर्गनजवळ असे कातळ आहेत, जिथे भेगांतून पाणी गेले तेवढ्याच पट्ट्यांत एक्लोजाइट झाले आणि हातभर अंतरावरचा खडक जुन्याच रूपात राहिला. तक्ते करताना हा वाह्यातपणा कुठे बसवायचा, हे आम्हालाही सुचलेले नाही.

शिबिरातल्या गुरुजींना मुलांसाठी काहीतरी हातात देता येण्याजोगे हवे होते. एक्लोजाइट परभणीत मिळणार नाही, पण त्याचा फरक मोजता येतो. विहिरीच्या ढिगातला घट्ट, छिद्रे नसलेला काळा दगड घ्या. स्प्रिंगकाट्याला दोरीने टांगून हवेत वजन करा, मग पूर्ण पाण्यात बुडवून करा, बादलीच्या तळाला टेकू देऊ नका. समजा हवेत ५८० ग्रॅम भरला आणि पाण्यात ३८०. घट २०० ग्रॅम, म्हणून घनता २.९. आता मुलांना विचारा: हाच दगड एक ग्रॅमही न गमावता एक्लोजाइट झाला, घनता ३.४५ झाली, तर पाण्यात किती भरेल? उत्तर ४१२ ग्रॅम येते. छिद्रे असलेला किंवा पांढऱ्या झिओलाइटांनी भरलेला तुकडा घेतलात तर आकडा २.९ च्या बराच खाली येईल. छिद्रांचा दगड मोजण्याआधी रात्रभर पाण्यात भिजत ठेवावा, म्हणजे आत अडकलेली हवा निघून जाते.